तोलार ज्ञानूतात्याचं वजन

बारामतीच्या मार्केट यार्डात ज्ञानूतात्या तोलार होता. पोती काट्यावर चढवायची आणि "काटा बरोबर हाय!" म्हणून ओरडायचं, हे त्याचं काम. एकोणीसशे नव्वदच्या सुमाराला त्याला रक्तदानाचा नाद लागला आणि तो माणसंही नजरेनं तोलू लागला. कुणी गुळाचा भाव विचारायला आला, की तात्या त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा. "सत्तर किलो! वाया चाललायसा. चला, एक बाटली द्यायचीय." बाटली म्हटल्यावर काहीजण आनंदानं निघायचे. ती घ्यायची नसून द्यायची आहे, हे त्यांना रक्तपेढीच्या दारात कळायचं. तोवर तात्यानं दंड घट्ट धरलेला असायचा.

एवढी माणसं नेली, पण स्वतःचं रक्त काही तात्याला देता येईना. वजन पंचेचाळीस किलो लागायचं आणि तात्या जेवूनखाऊन, फेट्यासकट त्रेचाळीस भरायचा.

एकदा कन्हेरीच्या दत्तोबाची बायको प्रयागबाई ऑपरेशनसाठी दवाखान्यात आली. तिच्या गटाचं रक्त पेढीत संपलेलं. दत्तोबाचं जुळेना. जुळलं ते तिच्या सख्ख्या भावाचं, बापूसाहेबाचं. नव्वद किलोचा गडी, पण गट तपासायला बोटाला सुई टोचली तेवढ्यावरच तो पळून आवारातल्या लिंबाखाली बसला होता. रक्ताशिवाय डॉक्टर ऑपरेशनला हात लावणार नव्हते. दत्तोबा रडकुंडीला आला आणि त्यानं तात्याला बोलावून घेतलं.

"उठा बापूसाहेब. मुंगी चावल्यागत वाटतंय निस्तं."

"तुला काय ठावं? तू दिलंयस का कदी?"

तात्यानं फेटा आवळला. मग म्हणाला, "आत्ता देतो. माझ्या मागनं तुमी द्यायचं. कबूल?"

"कबूल! काडीनं दिल्यावर ओंडका काय मागं राहतोय?"

तात्या यार्डात जाऊन आला आणि जरा जड पावलांनी रक्तपेढीत शिरला. बापूसाहेब दारातूनच बघत होता. पेढीतल्या मेघनाताईंनी तात्याला काट्यावर उभं केलं. सत्तेचाळीस!

"तात्या, मागच्या आठवड्यात त्रेचाळीस होतात. काय खाल्लंत?"

"माडगं."

"कशाचं?"

उत्तर विजारीनं दिलं. नाडी तटकन तुटली, विजार घोट्यावर आली आणि खिशातली दोन-दोन किलोची लोखंडी वजनं घरंगळत फरशीवर धाडधाड आपटली. काटा निमूटपणे त्रेचाळीसावर परतला. सदरा लांब होता म्हणून अब्रू वाचली.

"तोलाराचंच माप खोटं?" मेघनाताई म्हणाल्या.

बापूसाहेब पोट धरधरून हसला. हसत हसतच बाही सारून खाटेवर आडवा झाला. "घ्या ताई. पन ह्याला हितनं हलवू नका. ह्याच्याकडं बघितलं की सुई ध्यानातच राहत न्हाय."

तात्या एका हातानं विजार धरून शेवटपर्यंत उभा राहिला. ऑपरेशन नीट पार पडलं.

प्रयागबाई हिंडूफिरू लागली तशी दर बाजाराला तात्यासाठी शेंगदाण्याचे लाडू आणू लागली. तो ते रक्त देऊन आलेल्यांना वाटून टाकायचा. शेवटी एकदा तिनं त्याला यार्डातल्या मोठ्या काट्यावर उभंच केलं. काटा सरकत सरकत पंचेचाळीसावर गेला. भोवतीच्या हमालांनी टाळ्या वाजवल्या.

तात्यानं खाली बघितलंसुद्धा नाही.

"वैनी," तो म्हणाला, "काट्यावरला पाय काढा."