माझ्या हातातून कोणी सुटत नाय

पेणच्या मुलींच्या बालगृहात पोरी सांभाळायला लागले, त्याआधी दहा वर्षं मी गणपतीच्या कारखान्यात काढली. साच्यात शाडूची माती दाबायचं काम. अंगठ्यात जोर हवा, आणि माती बसेपर्यंत हात हलवायचा नाही. बालगृहात एखादी बिथरली की मलाच हाक यायची. बाईंच्या हातातून कोणी सुटत नाय, सगळे म्हणायचे. मला मेलं त्याचं कौतुक वाटायचं.

रोह्याची एक नऊ वर्षांची पोर होती. रविवारी, भेटीच्या दिवशी, रोह्याची गाडी येऊन गेली आणि आई दिसली नाही, की भिंतीवर डोकं आपटायची. तिला आवरायला तर हवंच होतं. पण मी कशी आवरायचे? मागून दोन्ही मनगटं आवळून खाली बसवायचे, ती हलायची थांबेपर्यंत. शू लागलीय, सोडा, म्हणून ती ओरडायची. मला वाटायचं, नाटकं. दोनदा चड्डी ओली झाली, तर वर मीच तिला बोलले. वहीत लिहिलं, मुलीला शांत केले.

गणपतीच्या आधी मुलींना मूर्ती करायला शिकवायचं ठरलं. माझाच जुना धंदा, त्यामुळे मी तोऱ्यात. या रोह्याच्या पोरीच्या गणपतीची सोंड काही बसेना. मी तिच्या मागे बसले, तिचे हात हातात घेतले आणि म्हटलं, अशी दाब गो.

ती ताठ झाली. माती हातातून पडली.

"बाई, मी हलत नाय. सोडा."

आणि तिच्याखाली फरशी ओली झाली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बाकीच्या मुली बघायच्या आत मी मातीच्या पाण्याची बादली लवंडून दिली आणि माझ्याच वेंधळेपणाला शिव्या घातल्या. मुली हसत फडकी आणायला पळाल्या. माफी मागायला मात्र माझी जीभ उचलली नाही. लाज वाटली, दुसरं काय.

पुढच्या रविवारीही तिची आई आली नाही. पोर भिंतीकडे निघालेली बघून मी उशी घेऊन धावले, डोकं आणि भिंतीच्या मध्ये धरायला. मी दिसताच तिने रडणं गिळलं, खाली बसली आणि दोन्ही हात स्वतःहून मागे केले.

मी उशी टाकली, तिच्यासमोर बसले आणि माझे हात मांडीखाली घातले.

"चुकलं गो माझं," मी म्हटलं.

ती माझ्या मांडीकडे बघत राहिली. हात काही तिने पुढे घेतले नाहीत.