भिकाजी नावाचं आडनाव

माझे सासरे गुणवंत पडवळ, आमचे अण्णा, एका जागी बसत नाहीत. दर वर्षी तीन महिने ते टोकियोत, निशी-कसाईला, आमच्याकडे येतात आणि त्या तीन महिन्यांत आमच्या दोन खोल्यांच्या घराची फरशी झिजते. चहा अर्धा टाकून उठतील, गॅलरीत जातील, परत येतील. मध्येच एकटेच ट्रेन बदलत योकोहामाला जाऊन धक्क्यावर उभे राहतील. माझा नवरा पुष्कर म्हणतो, जाऊ दे. त्याचं काय जातं, शोधायला मलाच जावं लागतं.

योकोहामाचं कारण त्यांचे आजोबा. गणू भिकाजी पडवळ, रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी. शंभरेक वर्षांपूर्वी योकोहामाला बोट बदलून ते अमेरिकेला गेले, एवढंच एका सोबत्याने गावी येऊन सांगितलं. पुढे काही नाही. अण्णांचे वडील तेव्हा पाळण्यात होते. बारा वर्षं झाल्यावर, गणू मेलाच असं धरून, भावकीने दर्भाचा पुतळा करून दहन करायचं ठरवलं. अण्णांच्या आजीने करू दिलं नाही. ती रोज कुंकू लावत राहिली. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवेना, पोरं वेडी म्हणून मागे लागत. लहानपणी अण्णांनी त्या पोरांशी मारामाऱ्या केल्या होत्या. आजी बरोबर होती की गावच, एवढं त्यांना मरायच्या आत कळायला हवं होतं.

अमेरिकेतल्या जुन्या नोंदींत पडवळ शोधून शोधून पुष्करही कंटाळला होता. एक पडवळ सापडेना.

यंदा मी अण्णांना डोळे दाखवायला नेलं. पासपोर्टवर आडनाव वरच्या ओळीत असतं; नर्सने खालच्या ओळीतलं शेवटचं नाव आडनाव समजून उचललं आणि हाक मारली, "राघो-सान." अण्णा ढिम्म. ती पुन्हा पुन्हा बोलावतेय आणि हे भिंतीवरचं चित्र बघतायत. मी कोपराने ढोसलं तेव्हा म्हणाले, राघो माझे वडील, ते जाऊन तीस वर्षं झाली.

डोळे तपासून झाले, आम्ही ट्रेनमध्ये बसलो आणि हे ताडकन उठून उभे.

"विभा, अगं, मला इथे बापाच्या नावाने हाक मारतात. मग आजोबांना तिथे कोणत्या नावाने मारली असेल?"

समोरची बाई दचकली. मीही.

त्याच संध्याकाळी पुष्करने पडवळ सोडून भिकाजी शोधलं. कॅलिफोर्नियात एक अख्खं भिकाजी घराणं निघालं. तिथल्या लिंडा भिकाजी आपल्या आजोबांचं, गॅनो भिकाजीचं, घराणं भारतात शोधून थकल्या होत्या. अर्थातच त्यांनाही भिकाजी आडनावाचं कोणी मिळत नव्हतं. मला हसू आलं आणि लगेच रागही आला.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लागला. लिंडांनी फोटो दाखवला. जर्दाळूच्या बागेत म्हातारा उभा, शेजारी मेक्सिकन बायको, पाच मुलं, आणि कपाळ थेट अण्णांचं. अण्णांनी पहिलं विचारलं ते, गेले कधी? लिंडांनी एकसष्ट साल सांगितलं. अण्णा खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. त्यांची आजी अठ्ठावनला गेली होती.

लिंडांनी हळूच विचारलं, मागे कोणी होतं का त्यांचं? अण्णांची जीभ सुटणार म्हणून मी पुष्करकडे पाहिलं. मला तर वाटत होतं, सुटावी. पाच पोरं झाली, पण घरी एक निरोप धाडवला नाही या माणसाला.

अण्णा त्यांच्या सावकाश इंग्रजीत म्हणाले, "होती. माझी आजी. मरेपर्यंत ती कुंकू लावायची. गाव तिला वेडी म्हणायचं."

लिंडा रडायला लागल्या. आता आम्ही काय नाव लावायचं, असं त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, हेच लावा, ते माझ्या पणजोबांचं आहे.

कॉल संपल्यावर मी चहा दिला. तो त्यांनी बसून, पूर्ण प्यायला. मग कप ठेवून म्हणाले, "ती बरोबर होती गं. पण तिला काय मिळालं?"

ते उठून चपला शोधायला लागले.