चालू मशीनचा दाखला

मी जुन्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं, फट् असा आवाज झाला आणि सगळ्या शाळेची लाईट गेली.

साताऱ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जुनं मशीन थेट लाईनवर लावायचं नाही, आधी उघडून बघायचं, हे मी दुकानातल्या मुलांना उठता-बसता सांगतो. त्यातलं कुणी त्या दिवशी सोबत नव्हतं, हे माझं नशीब. पॉवर सप्लायमधला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा एक बारका भाग, फुटला होता. खोलीभर धूर. बाहेर मुलांचा आरडाओरडा, कारण पंखे थांबले म्हणजे तास सुटणार अशी त्यांची समजूत.

शिपाई दत्तूमामा दारात येऊन उभे राहिले. "आवं साहेब, जाळताय कशापायी? उद्या टेम्पो न्यायला येणारच हाय की."

त्यांचं बरोबर होतं. मला दुरुस्तीला बोलावलंच नव्हतं. शाळेला निर्लेखन करायचं होतं. निर्लेखन म्हणजे सरकारी वस्तू निकामी झाली म्हणून रजिस्टरातून काढणं. त्यासाठी जाणकाराचा दाखला लागतो. मी सही करून दुपारच्या एसटीनं परतायचं, एवढंच काम. पण मी याच शाळेत शिकलेलो, खोली तीच आणि मशीनही तेच. मला ते एकदा चालू झालेलं बघायचं होतं.

रहिमतपूरच्या पुढं, माळावरचं आमचं गाव. घरची मेंढरं. दिवाळी झाली की आई-आप्पा कळप घेऊन कोकणच्या अंगाला उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर परत. शाळा बुडू नये म्हणून मला गावातच आत्याकडं ठेवायचे. आत्या मायाळू, पण तिचीच पोरं घरात मावत नव्हती. जेवलास का, एवढं ती विचारायची, तेही भाकरी किती थापायच्या ते कळावं म्हणून.

नववीत असताना शाळेत कॉम्प्युटर आला. चपला बाहेर, हातपाय धुऊन आत. एका मशीनवर तिघं. एकानं बटणं दाबायची, एकानं वाचून दाखवायचं, तिसऱ्यानं बघायचं. तिसरा कायम मी. शनिवारी शाळा सुटल्यावर मात्र सर मला एकट्याला बसू द्यायचे. बाकीच्यांना घरी जायची घाई असायची, मला नव्हती.

मी एक प्रोग्रॅम लिहिला होता, जेमतेम पाच-सहा ओळींचा. मशीन इंग्रजीत विचारायचं, तुझं नाव काय. मी बाळू टाकलं की म्हणायचं, बाळू, तू कसा आहेस. हा प्रश्न त्याला मीच शिकवलेला, हे मला पक्कं माहीत होतं. तरी बरं वाटायचं. त्या मशीनला डिस्क नव्हती, बंद केलं की सगळं विसरायचं. म्हणून दर शनिवारी मी पुन्हा पहिल्यापासून टाईप करायचो, आणि मग त्यानं विचारायची वाट बघायचो.

तर, दत्तूमामांनी फ्यूज बसवला. मी मशीन उघडलं. आत हळद-कुंकू आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. खंडेनवमीला आम्ही त्याची यथासांग पूजा करायचो, आणि फटींतून आत काय जातंय हे बघायची कुणाची छाती नव्हती. ब्रशनं सगळं साफ केलं. बॅगेतला माझा एसएमपीएस, म्हणजे हल्लीच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, वायरी जोडून बाहेरूनच लावला. पडदा हळूहळू उजळला आणि त्यावर ती बारकी रेघ लुकलुकायला लागली.

बोटांना ओळी आठवत होत्या. मशीननं नाव विचारलं. मी बाळू टाकलं. त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. मशीननं विचारलं, तू कसा आहेस.

"हे काय, चालू केलंत?" मागं मुख्याध्यापिका मॅडम.

"केलं की," मी म्हटलं. आवाजात थोडी ऐट होती, नाकारत नाही.

मॅडम खुर्चीत बसल्या. "अहो, चालू वस्तूचं निर्लेखन होत नाही. निर्लेखन नाही तर खोली रिकामी नाही. खोली नाही तर नवीन कॉम्प्युटर दुसऱ्या शाळेला जातात. दोन वर्षं खेटे घालतेय मी."

"आमच्या नातीचाबी नंबर हाय त्यात," दत्तूमामा हळूच म्हणाले. "पाचवीला हाय. लय आशेवर बसलीया."

"विकत देता का मला?" मी मॅडमना विचारलं.

"नियमात बसत नाही. अधिकृत भंगारवाल्यालाच द्यावं लागतं."

मी स्क्रीनकडं पाहिलं. प्रश्न तसाच उभा होता. 'बरा आहे' असं टाईप केलं आणि एसएमपीएसची वायर काढली. माझी वस्तू मी बॅगेत भरली. आता राहिलेलं मशीन खरोखरच निकामी होतं. पॉवर सप्लाय जळालेला, मूळ सुटे भाग बाजारात उपलब्ध नाहीत, असा दाखला लिहून सही केली. त्यात खोटं काही नव्हतं. सप्लाय कुणी जाळला, हा रकाना त्या नमुन्यात नाही.

मॅडमनी चहा पाजला. दत्तूमामांनी मशीन उचलून व्हरांड्यात मोडक्या बाकांशेजारी नेऊन ठेवलं. एसटीला गर्दी नव्हती. शेजारची सीट साताऱ्यापर्यंत रिकामीच राहिली.

या धंद्यात एक गोष्ट मला उशिरा कळली. गिऱ्हाइकाला दुरुस्ती हवी आहे की दाखला, ते बॅग उघडायच्या आधी विचारावं.

घरी जेवताना हे सगळं बायकोला सांगितलं. आई-आप्पा, आत्या, शनिवार, सगळं. ताटं उचलताना ती म्हणाली, "दिवस कसा गेला, हे लग्न झाल्यापासून रोज विचारतेय मी तुम्हाला. आज पहिल्यांदा सांगितलंत."