जेवणाच्या सुट्टीतला वर्ग

दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. जुलै २००८मधला सोमवार. टेक्सासमधल्या फ्रिस्को शहरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या पार्किंगमध्ये संग्राम ढवळे एसी चालू ठेवून गाडीत बसला होता. फोनवरचे प्राध्यापक, पाणी मुरलं की फुगणाऱ्या मातीत घराचा पाया कसा घालावा ते सांगत होते.

काचेवर टकटक झाली. त्याच्याच टेस्टिंग टीममधली अपर्णा.

"पुन्हा गाडीत? कोण आहे रे फोनवर? हिमानीला सांगू का?"

"माती आहे. चिकणमाती."

"सहा वर्षं झाली यार. सोड की तिला."

संग्राम मूळचा स्ट्रक्चरल इंजिनिअर. नागपुरात शिकला, डॅलसमध्ये पुलांची डिझाइन्स केली, परवाना मिळवला. २००२ मध्ये ते ऑफिस बंद पडलं, तेव्हा मिळेल ते काम धरलं. तात्पुरतं आहे, असं सगळ्यांना सांगितलं. पुढे टेक्सासमध्ये नियम आला: परवाना चालू ठेवायचा तर दरवर्षी पंधरा तास शिकायचं. त्यानं एकही वर्ष चुकवलं नाही. पोलाद, वारा, भूकंप, शिवाय एक तास व्यावसायिक नीतीचा. परत जायची वेळ आली तर परवान्यावाचून अडायला नको.

त्या सोमवारी ती वेळ आली होती. खचलेले पाये दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या फर्मनं त्याला तीन वाजता बोलावलं होतं. मालक हॉलंड सत्तरीचे. त्यांच्यानंतर नकाशांवर सही-शिक्का करायला त्यांना माणूस हवा होता.

हॉलंडनी सगळी सर्टिफिकेटं पाहिली. "तास भरपूर आहेत. शेवटचा शिक्का कधी मारलास?"

"दोन हजार दोन."

"त्यानंतर साइटवर कधी गेलास?"

"नाही गेलो."

"खरं सांगितलंस, बरं केलंस. पण मला उद्यापासून घराखाली सरपटत शिरणारा माणूस पाहिजे. तुला शिकवायला माझ्याकडे वेळ नाही."

संध्याकाळी घरी बायकोनं, हिमानीनं ताट वाढलं. हॉलंड काय म्हणाले ते त्यानं तिला सांगितलं.

"इनअ‍ॅक्टिव्ह करता येतो ना तो परवाना?"

"येतो. तास भरावे लागत नाहीत, पण शिक्का मारता येत नाही मग."

"आत्ता कुठे मारतोयस? निदान दुपारी माणसांत बसून जेवशील."

जेवण झाल्यावर त्यानं परवाना मंडळाच्या वेबसाइटवर तो पर्याय निवडला. परवाना पुन्हा सुरू करायचा झाल्यास आधी शिक्षणाचे तास भरावे लागतील, अशी सूचना स्क्रीनवर आली. त्यानं ती शेवटपर्यंत वाचली आणि 'मान्य'वर क्लिक केलं.

फुगणाऱ्या मातीचा दुसरा भाग उद्या बाराला आहे. कंपनीचं कँटीनही बाराला उघडतं. मंगळवारी तिथे जेवायला टाको असतात.