ढालसरांचं मार्गदर्शन

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका गृहस्थांना सगळे ढालसर म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते कळलं होतं आणि आवडलंही होतं, यावरूनच माणूस ओळखावा. प्रकल्प स्पर्धांमध्ये त्यांच्या मुलांनी नऊ ढाली आणल्या होत्या. मी त्याच शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. परीक्षानळ्या धुणं, रसायनं काढून देणं, वजनाचा काटा कुलपात ठेवणं हे माझं काम. मुलं मला लॅबकाकू म्हणतात. नऊपैकी सहा ढाली कशा आल्या ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा त्या माणसाबद्दल मी आदराने बोलेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

वर्गात सर फळ्यावर एक आकृती काढायचे, ती उतरवायला सांगायचे आणि खिडकीशी उभं राहून फोनवर बोलायचे. त्यांचा सगळा जीव मार्गदर्शनात. हा शब्द ते इस्त्री केल्यासारखा उच्चारत. प्रकल्पासाठी मुलं निवडायची त्यांची पद्धत ठरलेली होती. एक बोलघेवडा, एक वशिल्याचा आणि एक राबणारा. त्या वर्षी बोलायला डॉक्टरांचा मुलगा होता, वशिल्याला मुख्याध्यापिकेची भाची होती आणि राबायला त्यांनी शिंप्याची मुलगी घेतली. ती नेहमी खाली मान घालून बसायची. सरांना वाटलं, गरीब गाय आहे.

विषय होता रस्त्यावरच्या धुळीचा. शाळेसमोर दोन जातींची झाडं आहेत, एकाची पानं खरखरीत, दुसऱ्याची गुळगुळीत. जास्त धूळ कुठे बसते ते शोधायचं. पानं तोडायची, मऊ ब्रशने धुवायची, ते पाणी गाळायचं, गाळणकागद वाळवून आधीच्या आणि नंतरच्या वजनातला फरक काढायचा. प्रत्येक पान आलेखाच्या कागदावर ठेवून त्याचे चौकोन मोजायचे. वेळखाऊ, कंटाळवाणं काम. डॉक्टरांचा मुलगा दोन दिवस आला, भाची एकच दिवस. शिंप्याची मुलगी तीन आठवडे रोज आली. मी काटा काढून दिला की ती श्वास रोखून आकडा स्थिर व्हायची वाट बघायची.

पहिल्याच आठवड्यात सर भलीमोठी गुंडाळी घेऊन आले. पोस्टर. त्यांच्या मेव्हण्याचा छापखाना होता आणि पुढे तिथे निवडणुकीचं काम येणार होतं, म्हणून आधीच छापून घेतलेलं. खाली जाड अक्षरांत निष्कर्षही होता: खरखरीत पानं जास्त धूळ धरतात.

"सर, अजून वजनं व्हायचीत," मुलगी म्हणाली.

"होतील ना. हेच येणार आहे."

आलं उलटंच. गुळगुळीत पानांवर जास्त धूळ निघाली. तिने तीनदा मोजलं. सरांना वही दाखवली तेव्हा त्यांनी ती पुरती वाचलीही नाही.

"आकड्यांना कधीकधी हात धरून न्यावं लागतं, बाळ," ते म्हणाले आणि कोऱ्या वहीत स्वतःच्या पेनाने नवे आकडे लिहायला बसले. मी शेजारीच बेसिन घासत होते. सहा वर्षं मी हेच ऐकत आले होते आणि सहा वर्षं बेसिन घासत होते, हेही सांगायला हवं.

मुलींबरोबर एक बाई हवी म्हणून स्पर्धेला मीही गेले. परीक्षक बाई पन्नाशीच्या, आवाज हळू. डॉक्टरांच्या मुलाने पाठ केलेलं घडाघडा म्हटलं.

"पानाचं क्षेत्रफळ कसं काढलंत?" त्यांनी विचारलं.

मुलगा सरांकडे बघायला लागला. सर पुढे सरसावले. "त्याचं असं आहे मॅडम..."

"मुलांना विचारतेय मी."

शिंप्याची मुलगी बोलली. पानाने अर्ध्याहून जास्त झाकलेला चौकोन धरायचा, कमी झाकलेला सोडायचा. बाईंनी मान डोलावली आणि कच्ची वही मागितली. सरांनी आपली वही पुढे केली. बाईंनी चारपाच पानं उलटली.

"एवढी पानं धुतलीत आणि वहीवर पाण्याचा एक डाग नाही?"

मग मुलीने दप्तरातून दुसरी वही काढली. वडिलांच्या दुकानातली जुनी वही होती ती. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांच्या छातीची, खांद्याची मापं आणि मागच्या बाजूने धूळ, तारखा, डाग. सरांनी हात पुढे केला, पण बाईंनी वही आधीच घेतली होती. त्या खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या.

"उलटं का आलं असेल?"

"गुळगुळीत पानांचं झाड बसथांब्याला चिकटून आहे. दुसरं आत, कुंपणाजवळ. आम्ही झाडं मोजली नाहीत, जागा मोजली," मुलगी म्हणाली. "हे काल माझ्या लक्षात आलं."

दोघी अर्धा तास बोलत होत्या. सर पोस्टरचा वळलेला कोपरा दाबत उभे होते.

नंबर आला नाही. दोन वह्या, दोन वेगळे आकडे, येणार कसा? परतताना सर सबंध वाटेत पोस्टरची गुंडाळी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेच्या खोलीत मात्र त्यांना कंठ फुटला. मुलीने घाबरून भलतीच वही दिली, म्हणाले. मला बोलावलं तेव्हा मी पाहिलं ते सगळं सांगितलं. आधीच्या ढालींचंही सांगितलं.

"काकू, तुम्ही आपलं काट्याचं बघा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

मुलीला चमूतून काढलं. ती मात्र येत राहिली. आता तिने दोन्ही झाडांच्या फांद्या एकाच जागी, एकाच उंचीवर, पाण्याच्या बाटल्यांत खोचून ठेवल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. महिन्याभराने काट्यापाशी बसल्या बसल्या ती हसायला लागली. खरखरीत पानांवर जवळजवळ दुप्पट धूळ होती.

"सरांना सांगायचं?" मी विचारलं.

"कशाला? त्यांना आधीच माहीत होतं की," ती म्हणाली आणि वहीत तारीख घातली.

सरांनी त्यानंतर आणखी दोन ढाली आणल्या. विषय वेगळे, पेन तेच. मुलगी पुढे शिकली, आता पाणी तपासायच्या एका प्रयोगशाळेत असते. सरांच्या निरोप समारंभात त्यांनी तिचं उदाहरण दिलं. अचूकपणाचं बाळकडू तिला आपणच पाजलं, असं सांगताना त्यांना रुमाल काढावा लागला. शेजारच्या बाई डोळे टिपत होत्या. ते नाटक नव्हतं, याचीच मला जास्त किळस आली. त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं. मी मधेच उठून खाली आले आणि सकाळच्या तासाच्या नळ्या धुवायला घेतल्या.