जिन्यावरची काच

मी घाबरट आहे, हे आमच्या घरात जगजाहीर आहे. गॅस बंद केलाय की नाही हे बघायला मी बसस्टँडवरून परत आलेली आहे. मुलगी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तरी खालून ओरडते, "कठड्याला टेकू नकोस गं!" नवरा जवळच्या वडपे गावातल्या एका गोदामात हिशेबनीस आहे. तो म्हणतो, "हिला घाबरायला कारण लागत नाही. कारण नसलं की ही जास्तच घाबरते." मीही हसते. शाळेत मुलांवर डोळे वटारणाऱ्या बाईंची घरात इतपत थट्टा चालायचीच.

एका गोष्टीची मात्र मला कधी भीती वाटली नाही, ती म्हणजे थरथरीची. भिवंडीत वाढलेल्या माणसाच्या पायाखालची फरशी कायम थरथरत असते. शेजारी लूम, म्हणजे कापड विणणारे यंत्रमाग, मागे लूम, कुणाच्या तर घराखालीच लूम. फळीवरचा कप सकाळी मध्यभागी ठेवावा, तर संध्याकाळपर्यंत तो कडेला आलेला असतो. ट्यूबलाइट अचानक गेली, भिंतीवरची तसबीर पडली, न्हाणीघरातली टाइल तडकली, तर आम्ही एवढंच म्हणतो, "लूमचं आहे." पुण्याहून आलेली माझी नणंद पहिल्या दिवशी पलंगाची कड धरून बसली होती आणि आम्ही पोट धरून हसलो होतो. आम्हाला चुकल्या-चुकल्यासारखं होतं ते शुक्रवारी, लूम बंद असतात तेव्हा.

आमच्या वाचनालयाची इमारत जुन्या वस्तीत, एका लूमच्या कारखान्याला पाठ लावून उभी आहे. दगडी जोतं, सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं. अक्षरओळख मला शाळेत झाली, पण वाचायला मी शिकले ते इथे, खालच्या दालनातल्या लांब बाकावर, वडिलांचं वर्तमानपत्र वाचून होईपर्यंत. पुढे मी वाचनालयाच्या कमिटीवर आले आणि सचिव झाले. सचिव म्हणजे काय, तर चहा सांगायचा आणि सगळ्यांच्या सह्या गोळा करायच्या.

वरच्या मजल्यावर मुलींची अभ्यासिका होती. माझी मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. आमचं घर वन रूम किचन, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे लूम. तिथे पुस्तक उघडून बसणं म्हणजे स्वतःचा छळ. तिच्यासारख्याच बाकीच्या. तेलुगू घरांतल्या, उत्तर प्रदेशातून आलेल्या लूमवाल्यांच्या, आमच्यासारख्या नोकरदारांच्या. अभ्यासिकेतही मागच्या कारखान्याचा आवाज यायचा, पण दगडी भिंतीतून गाळून. दुसऱ्या कुठल्या ठिकाणी या मुलींना घरून कुणी दिवसभर सोडलं नसतं. वाचनालय म्हटलं की बाप काही बोलत नसत. माझी मुलगी सकाळी डबा घेऊन जायची, ती दिवेलागणीला परत यायची, आणि येताना तिचा चेहरा कसा निवांत असायचा.

अभ्यासिकेच्या जिन्याची भिंत मागच्या कारखान्याला लागून होती, आणि तिला एक चीर होती. बरीच वर्षं होती. दोऱ्याएवढी, वरून खाली तिरपी गेलेली. मागच्या पावसाळ्यानंतर पालिकेची नोटीस आली की जुन्या इमारतींची तपासणी करून अहवाल द्या, नाहीतर इमारत रिकामी करा. नोटीस मी रात्री उठून पुन्हा वाचली.

त्याच आठवड्यात एक बिल्डर कमिटीला भेटायला आले. शेजारच्या कोन गावचे. जमिनी गोदामांना गेल्यावर ते बांधकामात उतरले. माणूस वाईट नाही, हे मला मुद्दाम सांगायला हवं. पायताण दाराबाहेर काढून आले, कपाटांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाई, ह्या वाचनालयात माझा बाप पन येवाचा. मी न्हाय म्हनत का वारसा न्हाय. हाय, वारसा हाय. पन उद्या कुनाच्या डोक्यावर परला तं?" पाडून नवी उंच इमारत बांधायची, वाचनालयाला तळमजल्यावर मोठा हॉल द्यायचा, असा त्यांचा प्रस्ताव होता. नकाशात तो हॉल निळ्या रंगात दाखवला होता.

कमिटीतले अर्धे त्या निळ्या रंगावर भाळले. मी उठून विरोध केला. मला वारशाची फार कळकळ होती असं नाही, मला त्या नकाशाची भीती वाटली. आमच्याच वस्तीतला जुना दवाखाना असाच पाडला होता. त्याच्याही नकाशात दवाखान्याची खोली होती. आज तिथे मोबाइलची दुकानं आहेत. इमारत एकदा गेली की मुलींची अभ्यासिका कुणाच्या लक्षात राहणार? बांधकाम चालेल तितकी वर्षं त्या कुठे बसणार? तोवर निम्म्यांची लग्नं उरकलेली असतील. मी इतकं तावातावाने बोलले की अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे बाई, आधी इंजिनीअरला तर दाखवू."

ठाण्याहून एक इंजिनीअर आले. शांत स्वभावाचे, हळू बोलणारे. त्यांना आम्ही शुक्रवारी बोलावलं. इतर दिवशी मागच्या आवाजात त्यांचं बोलणं ऐकूच आलं नसतं, त्यामुळे शुक्रवार हा आम्हा सगळ्यांना सोयीचा वाटला. कुणाच्याही डोक्यात दुसरा काही विचार आला नाही. त्यांनी भिंतीवर ठोकून पाहिलं, खांब पाहिले, आणि जिन्यावरच्या चिरेवर काचेची एक पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकांना व्हाइट सिमेंट लावून चिकटवली. "भिंत हलली, तर ही तुटेल," ते म्हणाले. "तुटली की मला लगेच फोन करा. नाही तुटली तर भिंत जागेवर आहे, दुरुस्तीत भागेल."

पुढच्या शुक्रवारी ते आले, काच शाबूत. त्यानंतरच्या शुक्रवारी आले, तेव्हाही शाबूत. दर वेळी ते चष्मा वर करून पाहायचे आणि मान डोलवायचे. मी मात्र आठवडाभर जीव मुठीत धरून असायचे. शाळा सुटल्यावर मुलीला विचारायचे, "काच बघितलीस का गं?" ती म्हणायची, "बघितली. ठीक आहे. तू जरा पाणी पी." महिनाभराने इंजिनीअर म्हणाले की पाडायची गरज दिसत नाही, फक्त दुरुस्ती सुरू होईपर्यंत ते दर शुक्रवारी काच बघून जातील. आम्ही पेढे वाटले. कोनच्या बिल्डरांनीसुद्धा पेढा घेतला आणि म्हणाले, "चला, बरा झाला."

आणि मग तो बुधवार आला. शाळेला सुट्टी होती. मुलगी डबा घरी विसरली होती, म्हणून तो घेऊन मी भर दुपारी वाचनालयात गेले. मागे लूम जोरात चालू होते. जिना चढताना पायाखाली काहीतरी कचकन वाजलं. खाली पाहिलं, काच होती. वर पाहिलं, तर भिंतीवरची पट्टी बरोबर मधोमध तुटलेली. एक तुकडा सिमेंटला लटकत होता आणि लूमच्या ठेक्याबरोबर थरथरत होता.

डबा तिथेच पायरीवर ठेवला आणि फोन काढला. तेवढ्यात मुलगी जिन्याच्या तोंडाशी आली. माझ्या हातातला फोन पाहून म्हणाली, "अगं आई, कुणाला फोन करतेस? ते होतं. उद्या संध्याकाळी लावतो आम्ही, शुक्रवारी साहेब येण्याआधी."

"लावतो म्हणजे?"

तिने मला वर नेऊन अभ्यासिकेतल्या टेबलाचा खण उघडून दाखवला. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या पट्ट्या, अगदी इंजिनीअरांच्या मापाच्या. तसबिरींना फ्रेम करून देणाऱ्या दुकानातून कापून आणलेल्या. शेजारी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात व्हाइट सिमेंट. बाकीच्या मुलींनी पुस्तकांतून माना वर केल्या होत्या. कुणाच्याही चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव नव्हता.

"दर आठवड्याला तुटते?" मी विचारलं.

"दर आठवड्याला," मुलगी म्हणाली. "कधी मंगळवारी, कधी बुधवारी. अगं, लूममुळे तुटते ती. भिंतीमुळे नाही. त्या साहेबांना काय ठाऊक लूम काय असतं ते? ठाण्याचे आहेत ते. नुसती तुटलेली काच बघतील आणि सगळं बंद करतील. मग आम्ही कुठे जायचं?"

दुसरी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हमारे घर का तो आईना भी टूट गया था. लूमचंच आहे."

आणि खरं सांगते, क्षणभर मलाही ते पटलं. लूमचं आहे! आयुष्यभर जे ऐकलं, जे स्वतः म्हटलं, तेच तर त्या म्हणत होत्या. फोन पर्समध्ये टाकावा, डबा तिच्या हातात द्यावा आणि घरी जावं, इतकं मला ते पटलं. मग मी जिन्यावर परत येऊन भिंतीला हात लावला. जी चीर दोऱ्याएवढी होती, तिच्यात माझ्या करंगळीचं नख गेलं. आतून माती हळूहळू बोटावर सांडली. आणि माझ्या पोटची मुलगी त्या भिंतीपासून हातभर अंतरावर रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसत होती.

"खाली उतरा," मी म्हटलं. "सगळ्या. आत्ता."

त्या वह्या गोळा करायला लागल्या. एक जण मोबाइलचा चार्जर शोधत होती. मी शाळेतसुद्धा कधी ओरडले नसेन अशी ओरडले, "पुस्तकं राहू द्या!" त्या दचकल्या. एकेक करून जिना उतरल्या, आणि मी प्रत्येकीची पावलं मोजत होते. माझी मुलगी सगळ्यांत शेवटी उतरली. माझ्या शेजारून जाताना तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

रस्त्यावर उभी राहून मी इंजिनीअरना फोन केला. सगळं सांगितलं. शेवटी, सवयीने म्हणा किंवा आशेने म्हणा, विचारलंच, "पण ते लूममुळे असेल ना?"

ते म्हणाले, "मॅडम, भिंत कशामुळे हलते ते मी विचारलंच नव्हतं. ती हलते का, एवढंच मला हवं होतं. कुणालाही आत जाऊ देऊ नका."

वाचनालयाला त्याच दिवशी कुलूप लागलं. पुढे त्यांनी लूम चालू असताना नीट तपासणी केली आणि सांगितलं की इमारत अजूनही वाचवता येईल. मागची भिंत उतरवून पुन्हा बांधावी लागेल, आणि कारखान्याचे लूम तिथून हलवावे लागतील. कारखान्याच्या मालकाला भेटायला मीच गेले. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "मॅडम, लूम कहाँ ले जाऊँ? सरपे?" त्यांच्या कामगारांतच अभ्यासिकेतल्या एका मुलीचे वडील आहेत. ते लूमवर उभे होते आणि आमच्याकडे बघत होते. मी चहा संपवून निघून आले. कमिटीत आता दोन तट आहेत. कोनच्या बिल्डरांचा नकाशा पुन्हा टेबलावर आला आहे, आणि या वेळी मी विरोधाला उठले नाही. बाजूनेही बोलले नाही.

मुली पांगल्या. आरसा फुटल्याचं सांगणारी मुलगी गावी गेली. तिचं लग्न ठरलं. माझी मुलगी एवढंच म्हणाली, "अभ्यासिका असती तर तिच्या अब्बांनी आणखी एक वर्ष थांबवलं असतं." ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती आता स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून अभ्यास करते, कानात कापूस घालून. मागून लूम वाजतात आणि तिच्या वहीचं पान थरथरतं. मी कुकर लावला तरी अपराध्यासारखं वाटतं.

शाळेत जाताना मी मुद्दाम वाचनालयावरून जाते. कौलं तशीच आहेत, खांब तसेच. इमारत उभी आहे. घरी आले की मुलगी कानातला कापूस काढते आणि विचारते, "पडली का?"

"नाही," मी सांगते.

"मग?" ती म्हणते, आणि कापूस पुन्हा कानात घालते.

कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते. ज्या बाकावर मी वाचायला शिकले, तो त्या कौलांखाली आहे. तरी गल्लीचं वळण घेताना रोज मनात येतं, आज ती पडलेली असू दे. आत कुणी नसताना, रस्त्यावर कुणी नसताना, एकदाची पडू दे. मग वळण संपतं, ती समोर उभी दिसते, आणि मला रडू येतं.