चांदवडी रुपया आणि चिंच

माझी आई तांबटाच्या घरची. तिचं माहेर जुन्या नाशकात, जिथे दिवसभर पातेल्यांवर हातोडीचे ठोके पडत. त्या घरात भांडं मळकं दिसलं की घरच्या बाईची अब्रू गेली असं समजत. आई आता सत्तरी ओलांडून गेली, आमच्या फ्लॅटमध्ये सगळं स्टील आहे, तरी तिच्या नजरेला डाग सहन होत नाही. एकदा तिनं माझ्या पट्ट्याचं बक्कलसुद्धा चिंचेनं घासून ठेवलं होतं.

लग्नात तिच्या आईनं तिला एक चांदीचा रुपया दिला होता. जाडजूड, ओबडधोबड गोल, दोन्ही अंगांना फारसी अक्षरं. चांदवडच्या टांकसाळीतला, असं आजी सांगायची. दर लक्ष्मीपूजनाला तो डब्यातून निघायचा, चिंच आणि राखेनं घासला जायचा आणि मग पाटावर बसायचा. ते घासणं मी लहानपणापासून समोर बसून पाहत आलोय. अंगठ्यानं, गोल गोल, अगदी तब्येतीत.

या वर्षी माझ्या मुलीला पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. लॅपटॉपचा विषय निघाला तशी आई म्हणाली, "लॅपटॉप माझ्याकडून." आम्ही हसलो. हसायला नको होतं. वडिलांनी एकलहऱ्याला नोकरी केली, मी ओझरला करतो, त्यामुळे घरात आलेली प्रत्येक वस्तू आम्हा दोघांच्या नावावर. आईनं जन्मात पगार घेतला नाही. बांगड्या बहिणीच्या लग्नात गेल्या. तिचा म्हणावा असा तो एक रुपया उरला होता, आणि असलंच नाणं लाखाला गेल्याचा कुठलासा व्हिडिओ नातीनं तिला मोबाइलवर दाखवला होता. त्या व्हिडिओवाल्यांचा मला संताप येतो.

"बाजारात तुरी," मी म्हटलं, "आधी कुणाला दाखवू तर दे."

आईचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती नातीला विचारत होती, "आजीनं घेऊन दिलाय, असं मैत्रिणींना सांगशील ना गं?" ते ऐकलं आणि माझी चेष्टा तिथेच थांबली.

रविवारी मी रुपया घेऊन निघालो तर आईनं दारात अडवलं. "असा काळवंडलेला नेतोस होय? चार माणसांत न्यायचाय. खालून जरा चिंच आण." घरातली संपली होती. मीच आणली. अर्धा तास घासून तिनं तो असा लखलखीत केला, की मलाही वाटलं, आता काम होणार.

सराफ बाजारात एका दुकानाच्या माडीवर जुन्या नाण्यांचे एक जाणकार बसतात. म्हातारे गृहस्थ, डोळ्याला भिंग. मी मोठ्या ऐटीत रुमालाची गाठ सोडली. त्यांनी नाणं उचललं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे घासलं कोणी?"

"आईनं. आज सकाळी." मग म्हटलं, लपवून काय उपयोग? "आणि दर दिवाळीला. पन्नास वर्षं."

त्यांनी बराच वेळ नाणं उजेडात फिरवलं. "चांदवडी असावा. असावा म्हणतो, कारण ओळखायची खूणच राहिली नाही. साल गेलंय, अक्षरं सपाट झालीत. जुन्या नाण्याचा काळेपणा जपायचा असतो हो. घेणारा तोच बघतो."

"मग आता?"

"चांदीचं वजन. ते कुठलाही सराफ देईल."

मी निर्लज्जपणे विचारलं, "अक्षरं शाबूत असती, तर एक लॅपटॉप निघाला असता?"

"दुर्मीळ सालाचा असता तर निघालाही असता. आता कोण सांगणार?" नाणं परत देताना ते म्हणाले, "घासणाऱ्याचा हात मात्र तयार आहे."

जिना उतरलो आणि पायरीवरच बसलो. आईचा राग यावा असं फार वाटलं, पण आला नाही. जे तिला सगळ्यात चांगलं जमतं तेच तिनं केलं होतं, आणि शेवटची चिंच तर मी आणून दिली होती. वाटेत नाना विचार केले. स्वतः लॅपटॉप घ्यावा आणि नाणं विकलं म्हणून सांगावं. पण खोटं बोलताना माझे कान लाल होतात, हे तिला मी शाळेत होतो तेव्हापासून माहीत आहे. आणि खरं सांगावं, तर दर दिवाळीला आपणच काय पुसत होतो, हे तिला या वयात कळणार. ते मला करवेना.

आई दारातच उभी होती. "काय म्हणाला?"

माझ्या तोंडून अर्धंच खरं निघालं. "अक्षरं नीट दिसत नाहीत म्हणाला."

तिचा चेहरा पडेल म्हणून मी खाली बघत होतो. पण ती चक्क खूश झाली.

"मग बरोबर आहे. सकाळी घाईत घासला मी. कडेकडेला राहिलंच होतं. पुढच्या रविवारी पुन्हा ने." माझ्या हातातून रुपया घेऊन तिनं पदरानं पुसला. "उभा काय राहिलास? जा, चिंच भिजत घाल."

मी आत गेलो, वाटी घेतली आणि चिंच भिजत घातली.